केळवणाच्या नावाखाली

त्या मुलीच्या आईने मला फसवलं. मी तिला फसवलं नाही, मुलीलाही नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण बंगळूरच्या आमच्या मराठी घरांमधून आजही ही गोष्ट उलटी सांगितली जाते. राजाजीनगरच्या त्या बाईने म्हणे नवऱ्या मुलीला उपाशी ठेवलं, यंत्रावर दमवलं आणि मरणाच्या दारात नेऊन बसवलं. मरणाच्या दारात ती मुलगी लहानपणापासूनच बसली होती. आईला ते माहीत होतं. मी तोंडावर विचारलं, तेव्हा ती खोटं बोलली.

मी पूर्वी बंगळूरच्याच शिवाजीनगरला बसस्टँडजवळच्या एका पार्लरमध्ये कामाला होते. भुवया, वॅक्सिंग, फेशियल, लग्नाचा मेकअप. काम मी करायची आणि वाहवा मालकीण घ्यायची. नवऱ्या मुली तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी यायच्या. कपाळावर पुटकुळ्या, डोळ्यांखाली काळं आणि साखरपुड्यानंतर शिवलेलं पोलकं दंडात शिरत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या. आया म्हणायच्या, "काहीतरी करा हो." एका दुपारात काय करणार? मला वाटायचं, हीच मुलगी तीन महिने आधी माझ्या हाताखाली आली तर व्यायाम, खाणं, केस, कातडी, सगळं मी बघेन. पोलकं उसवावं लागणार नाही, आणि चेहऱ्यावर पावडरीचे थर द्यायची गरज पडणार नाही.

नवरा बोम्मसंद्र्याला कारखान्यात होता. सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीला यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे लोक पैसे देऊन सायकल मारणार आणि तिथल्या तिथेच राहणार?"

"तिथल्या तिथे राहतील, पण पोलक्यात मावतील," मी म्हटलं.

व्यायामाची सायकल मी शिवाजीनगरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून उचलली. दुकानदार हटेना. मी म्हटलं, "हिला चाक एकच आहे. अर्धी सायकल, अर्धी किंमत." तो म्हणाला, "अक्का, त्या किमतीत घंटी घेऊन जा." पण शेवटी दिली त्याने, वर वजनकाटाही दिला. बंद पडलेल्या साड्यांच्या दुकानातला उभा आरसा मी असाच भांडून आणला. राजाजीनगरच्या भाड्याच्या घरातली पुढची खोली रिकामी केली, खिडकीला जाड पडदा लावला आणि दारावर पाटी लावली.

लोकांना मी तोंडाळ वाटते, म्हणून त्यांना वाटतं मी घाबरत नाही. त्या दिवसांत मी सारखी घाबरलेली असायची. नोकरी सोडलेली, परत जायची सोय नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेला सायकलला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि रीतीप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं. पण ते चाक जमिनीला टेकतच नव्हतं. कितीही पायडल मारलं तरी लिंबू तसंच. शेवटी मी टाचेने चिरडलं. रस टाचेच्या भेगेत गेला आणि झोंबला. उगीचच मनात चरकलं.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाळली. पार्लरमध्ये असताना एक बाई ब्लीचच्या वासाने माझ्या डोळ्यांदेखत कोसळली होती. दम्याची होती आणि तिने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकीला विचारायची, दम लागतो का, चक्कर येते का, लहानपणी मोठं दुखणं झालं होतं का. आणि हे आईसमोर विचारायची, कारण मुलींना स्वतःची दुखणीसुद्धा आईच्या तोंडूनच माहीत असतात.

ही मुलगी आणि तिची आई दिवाळीनंतर आल्या. जुनं घराणं, शेकडो वर्षांपूर्वी इथे आलेलं. घरात मराठी बोलतात, पण भांडायला लागले की कानडीत जातात. मुलगी बावीस-तेवीसची, गोरी, अंगाने भरलेली, कॉम्प्युटरचा क्लास केलेली. नवरा मुलगा पुण्याचा, नोकरीसाठी नुकताच बंगळूरला आलेला. लग्न माघात.

आई खुर्चीत बसायच्या आधी आरशाकडे बघून म्हणाली, "आरसा चांगला आहे तुझा. यात मीसुद्धा बारीक दिसते."

"आरसा खरं सांगतो, काकू. तुम्ही पोट आत ओढलंय," मी म्हटलं.

हसली. मग भाव पाडायला लागली. बाई तयारीची होती. मलाही मजा आली. बरोबरीचं कुणी भेटलं की मला हुरूप येतो. भाव ठरला तेव्हा दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं.

"पुण्याची माणसं आहेत," ती म्हणाली. "बोलत नाहीत, नुसतं बघतात. फोटोत बारीक दिसायला हवी."

मग मी माझे प्रश्न विचारले. मुलगी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "दुखणं? अय्यो, आमच्या घरात पडसंसुद्धा विचारून येतं."

हे तिचे शब्द. मी त्यात काडीचीही भर घातलेली नाही.

मुलगी गोड होती. मला अक्का म्हणायची. सकाळी यायची, आधी जमिनीवरचे व्यायाम, मग सायकल, मग डाळीच्या पिठाचं उटणं. सायकलवर लवकर दमायची. पण माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच दमायच्या. त्या मुली गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा रिक्षाने जायच्या. "स्वल्प थांबू का, अक्का?" विचारायची. मी थांबू द्यायची.

काही दिवसांनी आईचा फोन वरच्या घरमालकिणीकडे आला. मुलगी उद्या येणार नाही, केळवण आहे. केळवण म्हटल्यावर माझं तोंड बंद झालं. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाईक जेवायला बोलावतात, ओटी भरतात, त्याला कोण नाही म्हणणार? कुणाकडे आहे हेही मी विचारलं नाही. माझ्यासारखीने तसं विचारणं म्हणजे आमंत्रण मागितल्यासारखं. कानडी किंवा तमिळ बाई असती तर सहज विचारून गेली असती, कुठे गं, काय गं. आपल्यातल्याच रिवाजाने माझी जीभ धरली.

केळवणाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती एका बाजूला झुकून चालत. मी थट्टा केली, "पाटावर बसून पाय आखडला वाटतं. किती पुरणपोळ्या?" ती हसली आणि कमरेखाली हात धरून हळूच बसली. मी तिला काट्यावर उभी केली. आदल्या खेपेपेक्षा वजन कमी भरलं. केळवण जेवून मुलगी हलकी झाली! मी खूश. माझ्याच व्यायामाची करामत समजले.

तीन आठवड्यांनी पुन्हा केळवण. पुन्हा तीच चाल. हातात ब्लाउजपीस नाही, केसांत गजरा नाही, तोंडावर जेवणाची तुकतुकी नाही, उलट उतरलेलं तोंड. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "तुझ्या आईला सांग, केळवणं आटप म्हणावं. माझा काटा मला खोटं पाडेल."

मार्गशीर्ष सरत आला होता. सकाळी थंडी असायची. मुलगी सायकलवर होती आणि मी पाठमोरी उटणं कालवत होते. पायडलचा आवाज थांबला. मला वाटलं दमली असेल. मग ती म्हणाली, "अक्का, स्वल्प..." आणि पुढे काही आलंच नाही. वळून बघते तर ती दांडीवर ओणवी झालेली, ओठ जांभळट, एक हात छातीवर. श्वास घेताना आत पाणी खळखळावं तसा आवाज. मी तिला खाली घेतली आणि सतरंजीवर आडवी केली, तर ती आणखी घुसमटायला लागली. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत मान हलवायला लागली, नको नको. मी तिला उठवून बसवली, पाठीशी स्वतः बसले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठे थोडा श्वास आत गेला. माझे हात उटण्याने पिवळे होते. तिच्या पाठीवर, गळ्यावर ते लागत होतं आणि मला एकच दिसत होतं, हळद लागलेली नवरी, मेलेली. मी मोठ्याने ओरडत होते असं घरमालकीण नंतर म्हणाली. मला माझा आवाज ऐकूच आला नव्हता.

रिक्षात तिला बसवूनच नेली. रिक्षावाल्याने मागे वळून एकदाच बघितलं आणि नंतर कुठल्याच सिग्नलला थांबला नाही. वाटेत मी देवाशीही घासाघीस केली. ही वाचू दे, सायकल विकते, खोली बंद करते, परत शिवाजीनगरला जाऊन दुसऱ्यांच्या भुवया कोरते.

नर्सिंग होममध्ये डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचं तोंड बदललं. प्राणवायू, इंजेक्शनं, धावपळ. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी मला कानडीत विचारलं, "झडपेचा आजार किती वर्षांचा? तीन आठवड्यांचं इंजेक्शन चालू आहे ना?"

"कसलं इंजेक्शन?"

"कमरेखाली खुणा आहेत. ताज्या आहेत."

मी भिंतीला टेकले. तीन आठवड्यांनी येणारं केळवण. लंगडत येणारं केळवण.

मुलगी सावरल्यावर डॉक्टरबाईंनी तिला आणि मला समोर ठेवून सांगितलं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, त्या तापाने हृदयाची एक झडप आकसली आहे. इंजेक्शन आहे ते तो ताप परत येऊ नये म्हणून. "लग्न करू नको असं मी म्हणत नाही," त्या तिला म्हणाल्या. "पण नवऱ्याला माहीत पाहिजे. मूल होऊ द्यायच्या आधी तपासणी पाहिजे, लागलं तर झडपेचं काम आधी करून घ्यायचं. तसंच पुढे गेलीस तर बाळंतपणात जीव जाऊ शकतो."

मुलीने विचारलं, "हृदय? सांधे ना?"

तिलाही माहीत नव्हतं. सांधेदुखीची इंजेक्शनं आहेत, सांधेदुखी म्हटलं की स्थळ मोडतं, म्हणून केळवण सांगायचं, एवढंच आईने तिला शिकवलं होतं. ती माझा हात धरून बसली. बोटं बर्फासारखी होती. म्हणाली, "अक्का, मी सांगेन त्यांना. दुसऱ्या कुणी सांगितलेलं नको. मला सांगू दे." मी तिला शब्द दिला.

आई आली. आधी काचेतून मुलीकडे बघितलं. रडली, ते खोटं नव्हतं. मग माझं मनगट पकडून मला जिन्याखाली नेलं.

"पुण्याला कळता कामा नये."

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

"आई दुसरं काय सांगणार गं? तू आई असतीस तर काय सांगितलं असतंस? चार स्थळं गेली याच्यापायी." मग आवाज खाली आणला. भाव पाडताना आणला होता तसाच. "तू म्हण, बारीक व्हायला जेवण कमी केलं होतं, म्हणून चक्कर आली. एवढंच. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? उद्या कोण पाठवेल मुलगी माझ्याकडे?"

"नवी पाटी लाव, दुसऱ्या गल्लीत जा. माझ्या मुलीला दुसरं आयुष्य आहे का?"

"तेच म्हणते मी," मी ओरडले. "तिला दुसरं आयुष्य नाही!"

नर्स जिन्यावरून वाकून बघायला लागली. आई लगेच पदर सारखा करून म्हणाली, "सरी, सरी, बरं. हळू बोल." आणि निघून गेली. त्या बाईला कशाची भीती वाटते ते मला तेव्हा कळलं. मुलीच्या मरणापेक्षा मुलगी घरात राहून जाण्याची. त्यानंतर मला तिची भीती वाटायला लागली.

आठवड्याभरात नवऱ्या मुलाची आत्या माझ्या दारात आली. लग्नाच्या तयारीसाठी पुण्याहून आलेली. बोलणं स्वच्छ, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवलेली. सायकलकडे बघत बसली.

"आमच्या सुनेला तुमच्याकडे नक्की काय झालं? तिच्या आई म्हणाल्या, तुम्ही तिला उपाशी ठेवत होता. कसलीशी परदेशी पावडर पाजत होता."

पावडर! माझ्या खोलीत डाळीचं पीठ आणि हळद याखेरीज पावडर नव्हती. माझं डोकं असं तापलं की डब्यातलं पीठ तिच्या मांडीवर ओतावंसं वाटलं. सगळं जिभेवर आलं होतं. एका वाक्यात मी सुटले असते. पण ती थंडगार बोटं आठवली.

"मुलीला विचारा," मी म्हटलं. "आईसमोर नको. एकटीला घेऊन बसा आणि विचारा."

"म्हणजे तुम्ही उत्तर देणार नाही?"

"हेच उत्तर आहे, ताई. आजच विचारा."

ती उठली. चप्पल घालताना म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं." मी दार लावून घेतलं. तिने मुलीला एकटीला विचारलं की नाही, मला कधीच कळलं नाही. आईने तिला मुलीजवळ एकटी बसू दिलं असेल असं मला वाटत नाही.

लग्न माघात ठरल्याप्रमाणे झालं. मला बोलावणं नव्हतं. मुलगी नर्सिंग होममधून घरी आल्यावर मी फोन केला होता, तर आईने उचलून "ती झोपलीय" म्हणून ठेवला. पुढे पुढे माझा आवाज ऐकताच ठेवायची. तिच्या नवऱ्याने कंपनी बदलली आणि जोडपं पुण्याला गेलं. माझ्याकडे येणाऱ्या मराठी मुली आधी कमी झाल्या, मग बंदच. मी खोली बंद केली नाही. आता तमिळ आणि कानडी मुली येतात. प्रत्येकीकडून आधी डॉक्टरची चिठ्ठी आणवते. पायडलचा आवाज थांबला की आजही हातातलं टाकून आधी वळून बघते.

या संक्रांतीला आमच्या लोकांच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. माझा नवरा म्हणाला, "जाऊ नकोस, भांडून येशील." मी गेले. न जाणं म्हणजे त्यांचं खरं ठरवणं. तिथे मुलीची आई होती, बायकांच्या घोळक्यात, हातात तीळगुळाची परात. इथल्या रीतीचे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं मिसळलेलं. सांगत होती, "मुलीला दिवस गेलेत. डोहाळजेवण पुण्यालाच, सासरची हौस भारी."

कुणीतरी "अय्यो, छान!" म्हणालं. माझ्या कानात मात्र तो खळखळणारा श्वास आला.

मी तिला कोपऱ्यात उसाच्या मोळीपाशी गाठलं.

"काकू, जावयाला सांगितलंत?"

तिने परात दुसऱ्या हातात घेतली.

"तपासणी झाली का? झडपेचं काम झालं का? इंजेक्शन चालू आहे का? काय म्हणून देता ते आता? केळवण तर राहिलं नाही!"

तिच्या तोंडाचा रंग उतरला. एक क्षण मला वाटलं, ही बोलणार. तेवढ्यात दोन बायका जवळ आल्या. तिने मूठभर तीळगूळ माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली आणि त्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीळगूळ घे, गोड बोल."

आणि दुसरीकडे वळली. मी तशीच मूठ घेऊन घरी आले. गूळ हाताला चिकटला होता.

त्यानंतर मला झोप लागत नाही. मुलीने सांगितलं असेल, असं दिवसा वाटतं. दिवा मालवला की वाटतं, सांगितलं नसेल. तिच्या आईनेच तिला गप्प राहायला शिकवलं आहे.

काकू, माझं नाव तुम्ही धुळीला मिळवलंत त्याचं मी मागाहून बघेन. त्यात काय द्यायचं, काय सोडायचं, यावर तुमच्याशी पुन्हा घासाघीस करायला मी तयार आहे. पोरीच्या जिवावर नाही. माझ्या दाराशी या, नाहीतर तुमच्या दाराशी मला उभी करा, आणि माझ्या तोंडावर सांगा. पोरीच्या नवऱ्याला माहीत आहे का? मी पोरीला दिलेला शब्द आजवर पाळला, पण तो तिच्या जिवासाठी दिला होता. पुण्याचा पत्ता मी मिळवलाय. तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते.